उंट नसलेलं गाव

आमच्या शाळेच्या नावात 'इंग्लिश' असा एक शब्द आहे. तो फक्त पाटीवर आहे. पाटीखालून आत गेलं की प्रार्थनेपासून शिव्यांपर्यंत सगळा कारभार मराठीत चालतो, आणि हे अख्ख्या शहराला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते एकाच माणसाला. त्याचं नाव नबील. तो येमेनहून आमच्या विद्यापीठात इंग्रजीत पीएच.डी. करायला आला होता. आमची पोरं इंग्रजी सुधारायला पुण्याला पळतात आणि येमेनची माणसं त्याच कामाला आमच्याकडे येतात. कोण चुकतंय ते देव जाणे. तर या नबीलसाहेबांनी पाटी वाचली, खूश झाले आणि आपल्या लेकीचं नाव पहिलीत घालून मोकळे झाले. तीन महिन्यांनी पोरगी घरभर 'बे एके बे' करत फिरायला लागली तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर गणवेश शिवून झाला होता.

मुलीचं नाव अरवा. अर्धी शाळा तिला आरवी म्हणते, आणि तीही ओ देते. आता ती नववीत आहे. मी अंबिका, तिची मराठीची बाई. सव्वीस वर्षं शिकवते आहे आणि तितकीच वर्षं चिडलेली आहे, असं स्टाफरूममध्ये माझ्या माघारी म्हणतात. समोर म्हणायची कुणाची छाती नाही.

हे कुटुंब दोन वर्षांत पदवी घेऊन परत जाणार होतं. अरवा तेव्हा चार वर्षांची होती. येऊन वर्ष होत नाही तोच तिकडे लढाई पेटली आणि परतायचं राहिलं ते राहिलंच. बेगमपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या, घरात अरबी, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. मराठी तिला मी शिकवली असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर ती आमच्या शाळेतल्या मालनबाईंनी शिकवली. पहिलीत पोरगी दारात उभी राहून रडायची, तेव्हा मालनबाई घंटा देण्याचं काम सोडून तिला कडेवर घेऊन बसायच्या. म्हणून अरवाच्या तोंडात अजून 'लई' आणि 'नाय' आहे. ते घालवायला मी चार वर्षं खर्ची घातली. कशाला, ते आता मला सांगता येणार नाही.

अशी चीज हाती लागल्यावर शाळा गप्प कशी बसेल? दर सव्वीस जानेवारीला आमच्याकडे 'विविधतेत एकता' उभी राहते. एक फेटा, एक पगडी, एक क्रॉस आणि एक मुसलमान. आता आमच्या शाळेत मुसलमान मुलं काय कमी आहेत? शहागंजातून रिक्षा भरभरून येतात, पाच-पाच पिढ्या याच शहरातल्या. पण मुख्याध्यापक सर्जेराव सरांना ती फार ओळखीची वाटतात. एकदा चौथीतल्या एका मुलीने हात वर केला, "सर, मी पण मुस्लिम आहे, मला घ्या ना." सर म्हणाले, "अगं, तू आपलीच आहेस. खाली बस." आपली असल्याचा तिला झालेला हा एवढाच फायदा. एकतेत उभी राहिली ती अरवाच, सलग सात वर्षं.

अरवाला त्याचं काही वाटत नसे. तिला टोचायची ती दुसरीच गोष्ट. आपल्याकडे माणूस भेटला की त्याला विचारतात, तुझं गाव कोणतं? नाव नंतर, गाव आधी. (आमच्या दोन नावांच्या शहराला त्याचं स्वतःचं नाव विचारलं तर ते आधी विचारणारा कोण आहे ते बघतं, पण तो विषय वेगळा.) दुसरीत असताना वर्गात सगळ्यांनी आपापलं गाव सांगितलं. अरवा म्हणाली, "बेगमपुरा." वर्ग हसला. मग म्हणाली, "येमेन." बाई म्हणाल्या, "तो देश झाला गं. गाव कोणतं, गाव?" पोरीला माहीत नव्हतं. ती घरी गेली, आईला विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सांगायला आली. तोवर बाई 'पाळीव प्राणी' या धड्यावर पोहोचल्या होत्या.

ते नाव तिने तसंच जपून ठेवलं. दर उन्हाळ्यात वर्ग 'गावाला' जायचा आणि ती बेगमपुऱ्याच्या गच्चीवर बसायची. मधल्या सुट्टीत एकदा ती मला म्हणाली होती, "मॅडम, एकदा मला माझं गाव सगळ्यांसमोर सांगायचंय. नीट. कोणी हसणार नाय असं." मी म्हणाले, "'नाय' नाही, 'नाही'." अशी मी शिक्षिका.

मग यंदाच्या जानेवारीत आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा आली. औरंगपुऱ्यातल्या सभागृहात, फिरती ढाल, आणि विषय: 'माझं गाव'. अरवा धावत माझ्याकडे आली. मला वाटलं, चला, पोरीच्या मनासारखं झालं. पण सर्जेराव सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ढाल यंदा आपली," सर म्हणाले. "दोन पोरं पाठवायची. एक तुमच्या वर्गातला अंगद आणि दुसरी आपली अरबी."

"अरवा," मी म्हणाले.

"तेच ते. भाषण तुम्ही लिहा. वाळवंट पाह्यजे, उंट पाह्यजेत, खजूर पाह्यजेत. परीक्षक रडले पाह्यजेत. आन् तो काळा पोशाख असतो ना, त्यात उभी करा. बुरख्यातून शुद्ध मराठी निघाली की सभागृह जागेवर खलास."

सर स्वतः भाषण लिहीत नाहीत, बसवून घेत नाहीत आणि स्पर्धेला येतही नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यालाच. फक्त आमच्या सरांना उंटही दुसऱ्याने आणून द्यावा लागतो.

आणि तो मी आणला. इथे इतरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. भाषण मी लिहिलं, एका बैठकीत, चहा पीत. 'वाळवंटाच्या तप्त वाळूतून, उंटांच्या काफिल्यामागून चालत आलेली मी एक अनाथ सावली, या मराठी मातीच्या कुशीत विसावले...' 'अनाथ' हा शब्द सरांनी सांगितला नव्हता. तो माझा. पोरीची आई जिवंत, बाप जिवंत, रोज संध्याकाळी तिला न्यायला बाप फाटकावर उभा. पण सव्वीस वर्षांत मला एवढं कळलंय की 'अनाथ' म्हटलं की परीक्षकाच्या हातून दोन गुण जास्त पडतात.

अरवाने कागद वाचला. दोनदा वाचला.

"मॅडम, आमच्या गावात उंट नाहीत."

"येमेनमध्ये आहेत."

"येमेनमध्ये असतील. आमच्या गावात नाहीत. आमचं गाव डोंगरावर आहे. तिथं ज्वारी असते."

मी तिला घेऊन सरांकडे गेले. सरांनी ऐकून घेतलं आणि हसले. "ज्वारी? अगं बाई, ज्वारी आपली. ज्वारीसाठी अंगद आहे. तू ज्वारी बोललीस तर तुला कोण विचारतंय? आन् उंट नको असंल तर तसं सांग. एकटा अंगद जाईल."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून मैदानाकडे बघितलं. मैदानात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"बोलते मी," अरवा म्हणाली.

पोशाख आणायला मालनबाईंना शहागंजात पाठवलं. बाह्यांवर सोनेरी वेलबुट्टी असलेला काळा अबाया त्यांनी घासाघीस करून आणला. अरवा शाळेत गणवेशावर डोक्याला पांढरा रुमाल बांधते, बस. तिच्या आईचा अबाया असतो. अरवाने तो नवा अबाया हातात घेतला आणि म्हणाली, "आई म्हणते, घालायचा का ते मी मोठी झाल्यावर ठरवायचं. मी अजून ठरवलं नाय." या वेळी मी 'नाय' दुरुस्त केलं नाही. अबायाही परत केला नाही.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी नववीची हुरड्याची सहल होती. पैठण रोडला मालनबाईंच्या भावाचं वावर आहे, तिथे. पालकांनाही बोलावलं होतं, म्हणून अरवाची आई आली. तिचं नाव ताहानी. नऊ वर्षांत शाळेतल्या कुठल्याही कार्यक्रमात ती मागच्या रांगेत बसायची आणि सगळे टाळ्या वाजवतील तेव्हा वाजवायची. मराठी तिला 'बस झालं' एवढंच येतं. भाजीवाल्यापुढे तेवढं पुरतं.

मालनबाईंनी आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गुळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं खुपसली. आमची शहरी पोरं गरम कणीस हातात घेऊन 'हाय हाय' करत नाचत होती. कुणाला चोळता येत नव्हतं, दाण्यांपेक्षा भुसाच जास्त खात होती. अंगदने तर कणीस मक्यासारखं दातांनी कुरतडायला घेतलं. त्याचे आजोबा शेतकरी होते, असं त्याच्या भाषणात आहे.

तेवढ्यात ताहानी उठून आगटीपाशी आली. तिने बाह्या वर सारल्या, निखाऱ्यातून कणीस उचललं, दोन्ही तळव्यांत धरून गरागरा चोळलं, हलकी फुंकर मारली, आणि तिच्या ओंजळीत हिरवेगार दाणे उरले, कुसळ एकही नाही. मालनबाई बघतच राहिल्या. ताहानीने दाणे नाकाशी नेले आणि म्हणाली, "जहीश." मग पुन्हा म्हणाली, "जहीश." आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.

"काय झालं गं आईला?" मालनबाईंनी विचारलं.

"काय नाय," अरवा म्हणाली. "आमच्या गावात याला जहीश म्हणतात. आजी आन् आई वावरात बसून असंच भाजायच्या. आईनं दहा-अकरा वर्षांत खाल्लं नव्हतं."

"आगं, मग ही तर आपल्यातलीच बाई हाय की!" मालनबाई म्हणाल्या, आणि लसणाची चटणी ताहानीच्या पुढे सरकवली. त्या दोघी मग दुपारपर्यंत चोळत बसल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, आणि दोघींचं बोलणं एकदाही थांबलं नाही.

मला त्या क्षणी भाषण फाडून टाकावंसं वाटलं. लाज वाटली, खरोखरची. पण लाज वाटणं आणि सरांना जाऊन सांगणं यांत शाळेच्या जिन्याच्या बावीस पायऱ्या आहेत, आणि त्या मी चढले नाही. सोमवारी अरवाने विचारलं, "मॅडम, मी माझं बोलू का?" मी म्हणाले, "सर म्हणतील तसं." म्हणजे सरांच्या तोंडून मीच बोलले.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलेलं. ताहानी मागच्या रांगेत. अंगदचा नंबर आधी आला. पुंडलिकनगरात तिसऱ्या मजल्यावर जन्मलेल्या या पोराने कौलारू घर, वडाचा पार, ज्वारीचं डोलणारं शेत, सगळं हातवाऱ्यांसकट उभं केलं. त्याच्या वडिलांनी ते यूट्यूबवरून उतरवून दिलं होतं. टाळ्या पडल्या.

मग अरवा. काळा सोनेरी अबाया घालून ती व्यासपीठावर आली आणि सभागृहात कुजबूज झाली. सर म्हणाले होते तस्सं. तिने माझं भाषण म्हटलं. एक शब्द चुकली नाही, एक काना सोडला नाही. वाळू, काफिला, अनाथ सावली. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, ढाल आली. आणि वाटलं, ती न आलेलीच बरी.

स्पर्धेचा नियम असा की शेवटी परीक्षक एक प्रश्न विचारतात. मुख्य परीक्षक बाईंनी चष्मा पुसला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळ, तुझ्या गावच्या त्या उंटांची एखादी आठवण सांगशील?"

मी खुर्चीच्या कडेला सरकले. अरवाने माझ्याकडे बघितलं, मग मागच्या रांगेकडे बघितलं, आणि माईक जरा खाली ओढला.

"उंटाची एकच आठवण हाय," ती म्हणाली. तीन वाक्यांपूर्वीची प्रमाण मराठी कुठल्या कुठे गेली, ही सरळ मालनबाईंची भाषा होती. "कर्णपुऱ्याच्या जत्रेत एक चक्कर मारली व्हती. लई भ्या वाटलं."

सभागृह खो-खो हसलं. तिने हसू ओसरू दिलं.

"भाषणातलं गाव माझं नाय. माझ्या गावाचं नाव बैत सुनैद. डोंगरावर हाय. तिथं पाऊस पडतो, वाळू नाय. पायऱ्या-पायऱ्यांची वावरं हायत, त्यात ज्वारी असती. दगडाचं घर हाय. मला त्यातलं काहीच आठवत नाय, मी चार वर्सांची व्हते. आई सांगती तेवढंच मला ठावं. आजी अजून तिथंच हाय. फोन लागला तर बोलती, पन लागत नाय." मग ती जरा अडखळली. "आन् मी अनाथ नाय. माझी आई ती काय, मागं बसलीय."

सगळं सभागृह मागे वळलं. ताहानीला गावाच्या नावापलीकडे एक अक्षर कळलं नव्हतं. दोनशे माणसं एकदम आपल्याकडे का बघतायत, याचा तिने क्षणभर विचार केला, मग छातीवर हात ठेवला आणि उठून उभी राहिली.

या वेळी कोणी हसलं नाही.

निकाल लागला. पहिला अंगद. परीक्षकांनी त्याच्या भाषणातल्या 'मातीच्या अस्सल वासा'चं खास कौतुक केलं. अरवाला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. गुणपत्रिकेवर 'स्पर्धक विषयाशी प्रामाणिक राहिली नाही' असा शेरा होता. ढाल मात्र आमच्याच शाळेची झाली. सरांना फोन केला तर ते एवढे खूश झाले की अरवाचं नावही काढलं नाही. "म्हणालो नव्हतो मी?" म्हणाले. "शेवटी ज्वारीच जिंकते!"

परतताना एका रिक्षात आम्ही तिघी. अरवाने अबायाची घडी करून पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"मॅडम, राग आला?"

"नाही."

"मग एक विचारू? तुमचं गाव कोणतं?"

हे मला कुणी विचारलं की मी सासरचं गाव सांगते, सव्वीस वर्षं. त्याला पोस्ट आहे, तालुका आहे, ग्रामपंचायत आहे, दिसायला चांगलं दिसतं. माझे वडील मल्हारराव मेंढरं घेऊन वर्षाचे आठ महिने रानोमाळ फिरायचे, मागे आम्ही. मला शाळेत घातलं तेव्हा गावाच्या रकान्यात मास्तरांनी 'फिरते' असं लिहिलं होतं. आणि दर गॅदरिंगला माझ्या खांद्यावर घोंगडी टाकून, हातात काठी देऊन मला उभं करायचे. टाळ्या पडायच्या. मला ती घोंगडी टोचायची, इतकी की अजून आठवली तरी खांदा चुरचुरतो. आणि हे सगळं ठाऊक असलेल्या बाईने शहागंजातून तो अबाया मागवला होता.

"आम्हाला गाव नव्हतं," मी म्हणाले. "मेंढरं बसतील ते गाव."

अरवाने विचार केला. "मग पोस्टमन कसा यायचा?"

"यायचा नाही."

"आमच्याकडं पन आता येत नाय," ती म्हणाली. आईला तिने अरबीत काहीतरी सांगितलं. ताहानी माझ्याकडे वळली, माझा हात घट्ट धरला, आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

अरवाने पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. त्यावर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे छापलेलं होतं: 'कु. ........, मु. पो. ........, ता. ........, जि. ........' संयोजकांनी नाव भरलं होतं, बाकीच्या जागा शाळेने भरायला कोऱ्या सोडल्या होत्या. तिच्या सगळ्या प्रमाणपत्रांवर त्या कोऱ्याच राहिल्यात; भरायचं काम वर्गशिक्षकाचं, म्हणजे गेली दोन वर्षं माझं.

"मॅडम, पेन द्या."

मी पेन दिला. तिने गुडघ्यावर कागद ठेवला आणि 'मु. पो.'पुढे लिहायला लागली. 'बैत सुनै' एवढं झालं आणि रिक्षा खड्ड्यात आदळली. 'द' पार खाली घसरला, छापलेल्या ओळीतून बाहेर गेला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी आता लाल पेन काढणार म्हणून.

मी कागद हातात घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि तिला परत दिला.